धरणाला संमती दिलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाल खुर्ची आहे. लाल म्हणजे एके काळी होते. आता उन्हाने माझा रंग विटला आहे. एका पायाला चीर गेली आहे आणि ती तारेने शिवलेली आहे. मोठी माणसे बसण्याआधी मला हाताने दाबून बघतात, लहान मुले तेवढी बिनधास्त बसतात. म्हणून माझी हकीकत मी तुम्हालाच सांगणार आहे. मोठ्यांना ती आवडायची नाही.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक आत, खुर्ची बाहेर. बालपण वगैरे काही नाही. एकीच्या मांडीत दुसरी, दुसरीच्या मांडीत तिसरी असे रचून आम्हाला ट्रकमध्ये घातले आणि एका मंडपवाल्या शेठच्या गोदामात उतरवले. शेठने माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आपल्या नावाचे पहिले अक्षर काढले, म्हणजे मला कोणी पळवू नये. तेव्हापासून मी लोकांच्या सुखदुःखात हजर. लग्नात पाहुणे माझ्यावरून भांडले. शोकसभेत लोक माझ्यावर बसून घड्याळ बघत राहिले. एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे माझ्यावर बसून चक्क घोरले आणि जाग येताच टाळ्या वाजवू लागले. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या खुर्च्या बघा, पैलवान बसला तरी हलायच्या नाहीत." ते ऐकून मी फुगून जायचे. कौतुक कोणाला नको असते?

मग एक दिवस आम्हाला सरकारी कचेरीच्या आवारात नेले. तिथे धरणाची जनसुनावणी होती. जनसुनावणी म्हणजे काय ते सांगते. नदीवर धरण बांधायचे असेल तर आधी तपासावे लागते की त्याने नदीचे काय होईल, माशांचे आणि झाडांचे काय होईल, काठच्या माणसांचे काय होईल. मग तो अहवाल लोकांसमोर वाचायचा आणि लोकांचे म्हणणे ऐकून घ्यायचे. पद्धत किती शहाणपणाची आहे! मला तर त्या दिवशी लग्नापेक्षाही जास्त मान वाटला.

माझ्यावर एक बाई येऊन बसली. ती नदीच्या वाळूत कलिंगडे पिकवायची. पूर ओसरला की पात्रात वाळू उघडी पडते. त्यात खड्डे करून ती वेल लावायची आणि पुढचा पाऊस येण्याआधी पीक काढून घ्यायची. ती जमीन कोणाच्याच नावावर नव्हती. काही महिने ती नदीची, काही महिने हिची. दरवर्षी पुराने नवा गाळ आणून टाकायचा आणि हिने त्यावर वर्षभराचे घर चालवायचे. शेजारच्या खुर्चीवर तिची धाकटी जाऊ बसली होती.

"जाऊबाई, जरा नीट बोला हं. भांडू नका," जाऊ हळूच म्हणाली.

"भांडत कुठे असते गं मी? माझा आवाजच तसा आहे."

समोर साहेबांसाठी गादीच्या खुर्च्या होत्या. त्या आमच्याशी बोलत नाहीत. अहवाल लिहिणारे सल्लागार पडद्यावर निळी निळी चित्रे दाखवत होते. कचेरी गावांपासून फार लांब होती. चालत निघालेली माणसे पोहोचेपर्यंत फाटक बंद झाले होते, कारण आवारात गर्दी नको होती. आत मागच्या रांगा मोकळ्या आणि बाहेर उन्हात माणसे फाटकाचे गज धरून उभी. मला वाटले, आता कोणीतरी उठून फाटक उघडेल. कोणी उठले नाही.

कलिंगडवाली मात्र बोलायला उठली. साहेबांनी विचारले, "बाई, तुमचं गाव धरणाच्या वर की खाली?"

"खाली."

"मग तुमचं काही बुडत नाही. तुम्ही बाधितांत येत नाही."

"बुडालं असतं तर बरं झालं असतं साहेब, कुणी मोजायला तरी आलं असतं. आमचं वाळणार आहे. पूर तुम्ही वरच अडवला तर गाळ कुठून यायचा? आणि गाळ नाही तर मी वेल काय दगडात लावू?"

सल्लागारांनी पाने चाळली. ते अगदी सभ्य गृहस्थ होते. "आमची माणसं पाहणी करून आली आहेत. नदीपात्रात त्यांना शेती दिसली नाही."

"कधी गेली होती तुमची माणसं?"

"पावसाळ्यात."

"अहो, तेव्हा तिथं दोन पुरुष पाणी असतं! त्यांना दिसणार काय, माझी चप्पल?"

सगळा मंडप हसला. साहेबही हसले. सल्लागार म्हणाले, "नोंद घेतली," आणि त्यांनी पुढचे पान उलटले. मित्रांनो, एखाद्याचे म्हणणे कचऱ्यात टाकायचे तर इतक्या गोड शब्दांत टाकावे.

शेवटी साहेबांनी सांगितले, "ज्यांची हरकत आहे त्यांनी उभं राहावं. बसलेले सगळे संमत धरले जातील." कलिंगडवाली उभी राहिली. तिची जाऊ उभी राहिली. आणखी बरेच जण उभे राहिले. कारकुनाने त्यांची नावे लिहून घेतली आणि सल्लागारांना विचारले, "बसलेले किती लिहू?"

सल्लागारांना गाडी गाठायची होती. ते म्हणाले, "खुर्च्या किती आहेत बघा."

कारकुनाने शेठला विचारले. शेठला वाटले, बिलासाठी विचारतात. सवयीने तो म्हणाला, "पाचशे."

आम्ही तीनशेसुद्धा नव्हतो. पण कागदावर पाचशे माणसे संमत झाली. मागच्या मोकळ्या रांगा संमत झाल्या. गोदामात पाय मोडून पडलेल्या माझ्या बहिणी संमत झाल्या. ज्यांचे प्लास्टिक अजून साच्यात ओतायचे होते त्याही संमत झाल्या. कलिंगडवाली माझ्यापुढे उभी राहून 'नको' म्हणत होती आणि तिच्या पाठीमागे तिचीच खुर्ची 'हो' म्हणत होती. मला तोंड नाही. असते तर त्या दिवशी मी ओरडले असते. फाटकाबाहेरच्यांना खुर्ची नव्हती, म्हणून ते मोजले गेले नाहीत.

धरण झाले. उद्घाटनाला आम्हीच होतो. त्या गर्दीत माझा पाय चिरला आणि शेठने मला तिथेच टाकून दिले. इतक्या वर्षांच्या चाकरीची ही बोळवण. धरणाच्या पहारेकऱ्याने तारेने पाय शिवून मला विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ठेवले. तिथून खालची नदी दिसते. नदी म्हणायचे, एवढेच. वाळू जाऊन धोंडे उरले आहेत आणि मधे मधे हिरवी डबकी.

पहिल्या वर्षी कलिंगडवालीने राहिलेल्या वाळूत वेल लावले होते. एका दुपारी वरून पाणी सोडले आणि फळे धरलेले वेल वाहून गेले. आधी इशारा दिला नव्हता. खाली शेती नाही असे अहवालातच होते, मग इशारा कोणाला देणार? ती पहारेकऱ्याकडे येऊन खूप ओरडली. तो बिचारा काय करणार? त्याने तिला पाणी दिले आणि म्हणाला, "मावशी, इथं झाडलोट करायला बाई हवी आहे. विचारू का?"

जाऊ कामाला शहरात गेली. ही रोज व्हरांडा झाडू लागली. रोज मला पुसायची, पण तिने मला ओळखले नाही. खुर्चीचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

परवा तेच सल्लागार आले. केस पिकले होते, सभ्यपणा तसाच होता. याच नदीवर आणखी वर दुसरे धरण घालायचे आहे. ते मला दाबून बघून बसले आणि फोनवर कोणाला तरी मजकूर सांगू लागले, "लिहा. खालच्या धरणाचे सामाजिक परिणाम समाधानकारक आहेत. स्थानिक महिलेला कायमस्वरूपी रोजगार मिळाला आहे."

झाडू थांबला. "साहेब, ती स्थानिक महिला म्हणजे मी का?"

"तुम्हीच की मावशी!" त्यांना खरेच आनंद झाला होता. "बघा, अहवालात आलात तुम्ही."

"माझ्या कलिंगडांच्या वाडीत तोडणीला दहा-बारा बायका यायच्या कामाला. त्यांचंही लिहा ना."

"ते खालच्या धरणाचं झालं, मावशी. तो अहवाल केव्हाच संपला. हा वरच्याचा आहे."

उरलेला व्हरांडा तिने झाडून काढला. निघताना सल्लागार म्हणाले, "पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. या नक्की. तुम्हाला पुढच्या रांगेत बसवतो."

"मी बसणार नाही, साहेब. मी उभी राहणार."

"राहा की," ते हसून म्हणाले. "खुर्च्या भरपूर सांगितल्या आहेत."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आमची काळजी घ्या. मला ते म्हणायचे नाही. मला मोडा, वितळवा, माझी बादली करा, माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणीतरी हातात पेन घेऊन अशाच एका मंडपात बसेल आणि किती माणसे आली होती ते लिहील. लिहिण्याआधी एकदा उठा, फाटकापर्यंत चालत जा आणि कडी काढा.