यादीतलं अकरावं काम

सुट्टी म्हणजे विश्रांती असं ज्याला वाटतं, त्यानं नेव्हिल हॅलोरनच्या शेजारी तंबू ठोकू नये. स्ट्रॅडीवर, म्हणजे क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापुढे आडव्या पडलेल्या त्या लांबलचक वाळूच्या बेटावर, लोक लोळायला येतात. नेव्ह छत्तीस वर्षं दर नाताळात तिथं कामाला येत होता. त्याच्या कॅरॅव्हॅनमधल्या कपाटाच्या दारावर आतून एक यादी चिकटवलेली होती, आणि कॅम्पातल्या त्याच्या सतरा नंबरच्या जागेवर जो कुणी पाहुणा म्हणून उतरेल त्याची तिच्यातून सुटका नव्हती.

एक, तंबूची पहिली खुंटी ठोकायच्या आधी समुद्रात डुबकी. दोन, घळीवरच्या वाटेनं जायचं आणि कठड्याला टेकून कासव बघायचं. कासव दिसेपर्यंत हलायचं नाही, मग दोन तास लागोत. चार, संध्याकाळी ओल्या वाळूवर क्रिकेट, स्टंपांच्या जागी बर्फाची पेटी, चेंडू समुद्रात गेला तर मारणाऱ्यानंच पोहत जाऊन आणायचा. सात, दुपारी दोन ते तीन झोप. झोपसुद्धा यादीत होती, काय सांगायचं, आणि त्या तासात जो पुस्तक वाचताना सापडेल त्याच्या वाट्याला रात्रीची भांडी.

अकरावं काम मात्र वेगळं होतं. ओहोटीला लाटेच्या कडेला उभं राहून, नुसत्या हातानं, वाळूतून गांडूळ काढायचं. बागेतलं नव्हे. हे समुद्राचं, दोन-दोन हात लांब, आणि गळाला लावलं की मुडदुशी मासा रांग लावून येतो. कुजलेल्या माशांची डोकी कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरायची आणि ती पिशवी लाटेच्या कडेनं ओढत न्यायची. वास लागला की गांडूळ वाळूतून डोकं काढतं, इवलंसं, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं. त्याच्यापुढे शिंपलीतलं मांस धरायचं. ते मांसाला चावतं, मान वाकवतं, आणि नेमक्या त्या वेळी अंगठा आणि तर्जनीत त्याला धरायचं. जरा घाई केली तरी गेलं, जरा उशीर केला तरी गेलं. सतरा नंबरवर आजवर शंभरेक माणसं उतरली असतील. दहा कामं सगळ्यांनी केली, अकरावं फक्त नेव्हला येत होतं. बाकीच्यांना तो शिकवायचा. शिकवायचा म्हणजे बोलायचा. आणि ती घाणेरडी पिशवी छत्तीस वर्षं ओढली कुणी, तर त्याच्या बायकोनं, ग्लेनिसनं.

या वर्षी नेव्हच्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते उत्तम झालं असं डॉक्टर म्हणत होते. अंगठ्याचं मत निराळं होतं. नाताळच्या जेवणाला थंड हॅम आणि कोळंबीची रास मांडलेली असताना नेव्हनं कोळंबी सोलायला घेतली, ती हातातून निसटून जावयाच्या मांडीवर पडली. जावई हॅमिश मेलबर्नचा, सप्टेंबरात लग्न झालेला, बेटावर पहिल्यांदाच आलेला. त्यानं ती मुकाट्यानं उचलून खाल्ली.

"ऐका," नेव्ह म्हणाला. "एकतीस तारखेच्या आत माझ्या हातनं एकही गांडूळ निघालं नाही, तर या वेळी अर्ज भरायचा नाही. जागा सोडून देऊ. दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

केवड्याच्या झाडांखालच्या त्या कॅम्पात रीत अशी, की पुढच्या नाताळला तीच जागा हवी असेल तर एकतीस डिसेंबरला दुपारी बाराच्या आत अर्ज द्यायचा. नाही दिला तर जागा गेली, आणि वाट बघणाऱ्यांची रांग इतकी लांब की पुन्हा नंबर लागेपर्यंत माणूस वर जायचा.

"दुकानात डबीत मिळतात ना ती गांडुळं?" हॅमिशनं चांगल्या मनानं विचारलं.

मुलगी करीना नवऱ्याच्या कानात म्हणाली, "जेव तू. बोलू नकोस."

ग्लेनिसनं हातातला काटा ताटात ठेवला. नेव्ह एखादी गोष्ट बोलला म्हणजे ती झालीच. एकदा म्हणाला होता, तीन झटक्यांत इंजिन सुरू झालं नाही तर होडी शेजारच्या साल्वूला देऊन टाकीन. चौथ्या झटक्याला सुरू झालं. होडी आजही साल्वूकडे आहे. मेव्हण्याच्या घरी जेवणार नाही म्हणाला, त्याला चौदा वर्षं झाली, आणि मेव्हणी स्वयंपाक फार छान करते. या माणसापुढे रडून, चिडून, समजावून काही व्हायचं नव्हतं. आणि सतरा नंबर सोडायची कल्पना ग्लेनिसला सोसवत नव्हती. करीना तिथं चालायला शिकली होती. ग्लेनिसच्या आईचं ते शेवटचं हसू, कांगारूनं पाव पळवला तेव्हाचं, तिथलंच होतं. ब्रिस्बेनचं घर होतं, छान होतं, पण स्वतःच्या मनासारखं जगल्यासारखं तिला वर्षातले हे तीन आठवडेच वाटायचं.

त्याला एक कारण होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्लेनिसला गांडूळ काढता येत होतं.

चांगलं येत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी ती एकटीच फिरायला गेली असताना पायाशी एक डोकं वर आलं, तिनं गंमत म्हणून बोटं लावली आणि पंधरा दिवस लावत राहिली. सोळाव्या दिवशी जमलं. तेव्हापासून रोज सकाळी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून ती जायची, दोन-चार काढायची, हातावर घेऊन बघायची आणि परत सोडून द्यायची. सांगितलं का नाही? आधी वाटलं, नेव्हला वाईट वाटेल. मग कळलं की खरं कारण वेगळं आहे. अख्ख्या बेटावर नेव्हनं शिकवली नाही अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे होती.

सव्वीस तारखेला नेव्हनं अकरा डोकी हुकवली. सत्तावीसला नऊ. अठ्ठावीसला डाव्या हातानं प्रयत्न केला आणि लाटेत बसला. साल्वू, जन्मानं माल्टाचा आणि स्वभावानं आगीत तेल, रोज घडीची खुर्ची घेऊन बघायला यायचा.

"नेव्ह, त्यांना आधी पत्र पाठव रे. अशी अचानक भेट कुणाला आवडते?"

"तू होडी सांभाळ," नेव्ह म्हणायचा.

तीस तारखेला ग्लेनिसनं जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. ती तासभर आधी गेली, एक चांगलं लठ्ठ गांडूळ काढलं, बादलीत ओल्या वाळूत ठेवलं, आणि जिथून नेव्ह सुरुवात करतो तिथं भोक पाडून पेरलं. बटाटा पेरावा तसं. खुणेला शेजारी शिंपला रोवला. एवढी शहाणी बाई, एकोणीस वर्षांचा अनुभव, आणि तिला वाटलं गांडूळ तिथंच नवऱ्याची वाट बघत थांबेल. ते दोन सेकंदांत खाली गेलं ते बहुधा न्यूझीलंडला निघालं. खुणेचा शिंपला लाटेनं उचलून तिसरीकडेच नेऊन ठेवला. त्या जागी नेव्ह वीस मिनिटं वाकून बसला, कारण ग्लेनिसनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "इथं नक्की आहे."

"काय नक्की आहे?" कंबर धरून उठत नेव्ह म्हणाला. "माझं म्हातारपण?"

तो हे हसत म्हणाला. चिडला असता तर ग्लेनिसला बरं वाटलं असतं.

एकतीस तारीख उजाडली. ओहोटी साडेनऊची. नाकाला पांढरं मलम फासून नेव्ह लढाईला निघाल्यासारखा निघाला. मागे पिशवी घेऊन ग्लेनिस, तिच्यामागे हॅमिश, त्यामागे साल्वू आणि त्याची खुर्ची. करीना आली नाही. "मला बघवणार नाही," म्हणाली.

नेव्हनं पहिलं हुकवलं. दुसरं हुकवलं. तिसऱ्याचं डोकं तेवढं तुटून हातात आलं, आणि तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. हॅमिश हळूच म्हणाला, "नेव्ह, मी धरू का मांस? तुम्ही दोन्ही हात मोकळे ठेवा." त्यानं धरलं, आणि खरंच बरं धरलं. चौथं गांडूळ वर आलं, चावलं, मान वाकवली. नेव्हची बोटं बरोबर जागी गेली. आणि अंगठा मिटलाच नाही. मिटायचा तितकाच मिटला, आणि गांडूळ त्याच्यातून सुळकन खाली गेलं.

नेव्हनं हात चड्डीला पुसले.

"झालं," तो म्हणाला. "चला, चहा घेऊ."

त्याच वेळी ग्लेनिसच्या पायाशी, पिशवीच्या अगदी जवळ, एक डोकं वर आलं. मोठं होतं. ती विचार न करता वाकली असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिनं पुरता विचार केला. गप्प राहिले तर जागा जाते. हात घातला तर माझं गुपित जातं, वर याचा मान जातो, आणि जागा राहील याची तरीही खात्री नाही. मग ती वाकली. हॅमिशच्या हातातलं मांस घेतलं, धरलं, थांबली, आणि दोन बोटांत गांडूळ पकडून सावकाश ओढत राहिली. ते येतच राहिलं. तिच्या कमरेइतकं लांब झालं तेव्हा कुठं शेपूट सुटली.

साल्वू खुर्चीतून उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"किती वर्षं?" नेव्हनं विचारलं. पहिल्याच खेपेला कुणाला असं जमत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार.

"एकोणीस."

"शिकवलं कुणी?"

"कुणी नाही."

"आणि एकोणीस वर्षं तू माझी पिशवी ओढत राहिलीस. मला सांगितलं का नाहीस?"

खोटं बोलायला ग्लेनिसला सुचलं नाही. "सांगितलं असतं तर तू मला शिकवायला लागला असतास."

हॅमिशला हसू फुटलं, आणि तो एकटाच हसतोय हे कळल्यावर त्यानं ते खोकल्यात घातलं. नेव्ह वळला आणि पाठ ताठ ठेवून वाळूच्या टेकाडावरून कॅम्पाकडे निघून गेला.

"जा त्याच्यामागे," साल्वू म्हणाला.

"नको. थोडा वेळ जाऊ दे," ग्लेनिस म्हणाली, आणि तासभर हातात ते गांडूळ घेऊन पाण्याकडे बघत उभी राहिली. आपण केलं ते बरोबर केलं की चूक, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं ते सोडून दिलं.

कॅरॅव्हॅनमध्ये नेव्ह नव्हता. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली आठवडाभर लटकलेला अर्जही नव्हता. ग्लेनिसनं कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. त्यात कोळंबीची टरफलं होती. घड्याळात बाराला वीस कमी. ती अनवाणीच धावली. तापलेल्या डांबरावरून सदुसष्ट वर्षांची बाई उड्या मारत जाताना पाहून चार तंबूंतल्या लोकांनी सँडविच खाली ठेवली.

कचेरीत कोरली बसली होती, कॅम्पाचा कारभार बघणारी.

"नेव्ह आला होता का?" ग्लेनिसनं धापा टाकत विचारलं. "सोडली का जागा?"

"आधी पाणी पी," कोरली म्हणाली. "त्यानं त्याचं नाव काढलंय."

ग्लेनिस तिथल्याच बाकावर बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

"अगं, पुरतं ऐक तरी. सतरा नंबर तो तुझ्या नावावर करतोय. त्याची सही झाली, आता तुझी हवी. म्हणाला, ती येईल पळत, बारा वाजेपर्यंत पाणी गार ठेव."

कागद पुढे सरकवला गेला. जागेचा मुख्य माणूस, या रकान्यात नेव्हच्या वेड्यावाकड्या, ऑपरेशननंतरच्या अक्षरात ग्लेनिस हॅलोरन असं लिहिलं होतं. खाली 'सोबत येणारे' या ओळीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ही ओळ रिकामी कशी?" ग्लेनिसनं विचारलं.

"ते तिनं ठरवायचं, म्हणाला."

ग्लेनिसनं सही केली. खालची ओळ तशीच सोडून ती बाहेर आली. नेव्ह कचेरीच्या मागच्या पायरीवर बसला होता. नाकावरचं पांढरं मलम घामानं ओठापर्यंत ओघळलं होतं. ती शेजारी जाऊन बसली. नेव्ह काही शिकवायला लागला नाही, हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

"उद्या ओहोटी कधी?" त्यानं विचारलं. ओहोटीच्या वेळा त्याला तोंडपाठ असायच्या.

"सव्वादहाला. पण मी नऊला जाते."

"मी येऊ?"

छत्तीस वर्षांत या बेटावर नेव्हनं कशासाठीही कुणाची परवानगी मागितलेली तिनं ऐकली नव्हती. सकाळचा तो तास तिचा होता. तो द्यावा की नाही, हे तिला खरंच ठरवावं लागलं.

"ये," ती म्हणाली. "पण बोलायचं नाही."

नेव्हनं तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि मान डोलावली. ग्लेनिस उठली आणि खालची ओळ भरायला पुन्हा आत गेली.