लांबडीला भंगारात काढायला निघाले होते

मित्रांनो, मी एक जुनी, मागून लांबलचक असलेली गाडी आहे. लोक मला 'लांबडी' म्हणतात. म्हणू देत. मला त्याची लाज नाही.

पहिल्या मालकाने मला सहा वर्षं वापरलं आणि जुन्या गाड्यांच्या दुकानात आणून सोडलं. उंच, चकचकीत गाड्या पुढच्या रांगेत, मी मागे भिंतीला.

एके दिवशी एक शिंपी आणि त्यांची बायको गाडी बघायला आले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर होतं. तिला बसता येत नव्हतं आणि हाडांचं इस्पितळ आठ तासांवर. शिंपीदादा गळ्यातली टेप काढून एकेका गाडीची मागची जागा मोजत सुटले.

विक्रेता हसला. "काय साहेब, गाडीला झबलं शिवताय?"

"मुलीला झोपवून न्यायचंय," ते म्हणाले. त्याचं हसू तिथेच विरलं.

ऐटबाज गाड्या साडेतीन फुटांत आटोपल्या. माझी मागची सीट दुमडली, तेव्हा टेप सहा फुटांवर थांबली! बाईंनी इंजिन सुरू करून कान देऊन ऐकलं, मोठ्या रस्त्याला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हीच घ्यायची."

दर तीन आठवड्यांनी आम्ही निघायचो. बाई चालवायच्या. शिंपीदादांनी जाड पट्टे शिवून मुलीची गादी घट्ट बांधली होती. घाटात भल्याभल्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता चढून जायचे. दोन वर्षांत एकदाही मी त्या पोरीला वाटेत अडकवलं नाही. शेवटच्या खेपेला ती इस्पितळाच्या दारातून स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत आली. बावीस पावलं. मी मोजली.

पुढे वर्षं गेली, नवी गाडी आली आणि मी कुंपणाला लागले. टायर बसले, उंदरांनी माझ्यात संसार थाटला. शिंपीदादांचा भाऊ येता-जाता म्हणायचा, "हे धूड भंगारात द्या की!" शेवटी त्यानेच भंगारवाल्याला बोलावलं. साखळी अडकवणार, इतक्यात बाई कामावरून आल्या.

"थांबा. आधी सुरू तर करून बघू."

नव्या गाडीच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. मी खोकले, थरथरले, काळा धूर ओकले आणि अशी गरजले, की दीर दोन पावलं मागे सरला.

भंगारवाल्याने साखळी गुंडाळली. "ताई, हिला तोडायला माझा हात धजत नाही."

बाई दिराकडे वळल्या. "भाऊजी, ही निवडताना तुम्ही नव्हता. काढायची कधी, तेही आम्हीच ठरवू."

आता बाई मला घेऊन आठवड्यातून दोनदा दूरच्या शाळेत शिकवायला जातात.

मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करणारी माणसं हळहळतात आणि पुढे निघून जातात. त्यापेक्षा माझं तेल बघा, पाणी बघा, टायरात हवा भरा. आणि मग किती लांब जायचं, तेवढं सांगा.