सासऱ्यानं ओलांडलेलं माप

गोटीरामचा हट्ट एकच. "सून पहिल्यांदा घरात येताना मी दारात उभा पायजे. उभा! खुर्चीत मांडलेला गणपती नाय."

पंचवटीच्या भाजीबाजारात जन्मभर गोण्या वाहिलेला गडी, त्याला कंपवात झालेला. हात थरथरायचा ते सोडा, मनच उठायचं नाय. पुढ्यातला चहा गार व्हायचा. कप उचलायचा म्हंजे डोंगर उचलायचा. लोक म्हणायचे, म्हातारा आळशी झाला. पण पोराचं लग्न ठरलं आन् गडी रोज दाढी करून तयार!

वरात गल्लीत आली. गोटीराम सगळ्यांच्या पुढं, तुरुतुरु. आत जायचं, वळायचं, "ये बाई" म्हणायचं. बास. आन् उंबऱ्यापाशी पाय चिकटले! ह्या कंपवातात दार दिसलं की पाय म्हंजे अडेल बैल.

मागं पोरगा किशोर आन् नवी नवरी तृप्ती, शेल्याला गाठ मारलेले. त्यांच्यामागं वऱ्हाड. बँडवाला काय थांबेना. आत बायको चिमणाबाई, एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्यात तांदळाचं माप.

"अहो, सरका की!"

"सरकतोय."

"कुठं सरकताय?"

"मनात!"

किशोर म्हणाला, "दादा, खुर्ची आणू का?"

गोटीरामनं चौकट घट्ट धरली. खुर्ची आली की संपलं.

तेवढ्यात मागून नवरी खिदळली. "मामा, मग माप तुम्हीच ओलांडा! मला लय भूक लागलीय."

"अगं बाई, ते सुनेनं..." चिमणाबाई म्हणतेय तोवर गोटीराम ओरडला, "ठेव गं खाली!"

माप उंबऱ्यावर आलं. गोटीरामनं डोळे वटारले. मोकळ्या दारात रुसलेला पाय, ओलांडायला कायतरी दिसलं तसा उठला! नवरी माप हळूच लवंडते. ह्यानं सणसणीत लाथच घातली. तांदूळ पार देव्हाऱ्यापर्यंत, आन् गोटीराम आत. उभा!

बँडवाल्याला हसू आवरेना, पिपाणी भलतीकडंच गेली. बायका कालवा करायला लागल्या, "नाव घ्या, नाव घ्या!"

गोटीराम लाजला. खरंच लाजला.

"घोटीचा तांदूळ, पितळेचं माप,
चिमणाबाईचं नाव घेतो, पाय सुटले आपोआप!"

चिमणाबाईनं पदरात तोंड लपवलं. गोटीराम गाडी वळवावी तसा हळूहळू दाराकडं वळला.

"ये बाई," तो म्हणाला. "पण थांब जरा. आधी सासू तांदूळ झाडंल."

"सासू कशाला?" चिमणाबाईनं केरसुणीच त्याच्या हातात दिली. "सुटलेत ना पाय?"