पुढची तारीख

"ताई, तुम्ही फक्त इतलं सांगी द्या तिले, का पत्तासमा दवाखाना निंघना. बाकी मी दखी लिसु."

शेवंताबाईंचे यजमान छगनभाऊ दारातच उभे होते. मोहिनीने खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत.

"अक्कांना काय झालं?" तिने विचारलं. खरं तर त्यांना पाहताच तिच्या लक्षात आलं होतं.

"ती गाठ. आते फुटनी शे. धुळाना डाक्टर म्हणस, लगेच भरती करा. अन् ही म्हणस, मोहिनीताईनी सांगेल शे, गाठ विरघळी जाई. वरीस व्हई गयं ताई."

अमळनेरला बसस्टँडमागच्या गल्लीत मोहिनीचं पार्लर होतं. वीस वर्षं तिने बायकांच्या भुवया कोरल्या. डोळे मिटून खुर्चीत बसलेली बाई काय काय बोलते, हे तिला दोऱ्याच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. लॉकडाऊनमध्ये पार्लर बंद पडलं तेव्हा तिने मोबाइलवर टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा, वर्ग केला. पत्ते शिकायला तीन महिने लागले. बायका तर तिला आधीपासूनच वाचता येत होत्या. हळूहळू आरसे निघाले, टेबल आलं. मुलीला स्थळ कधी येईल, नवरा दारू सोडेल का, सून नांदेल का, असे प्रश्न यायचे. मोहिनी पत्ता मांडायची आणि समोरची उठताना थोडी हलकी होऊन उठेल असं काहीतरी सांगायची. त्यात फसवणूक आहे असं तिला कधी वाटलं नाही. आपण लोकांना धीर देतो, एवढंच ती मानत आली होती.

मागच्या श्रावणात शेवंताबाई आल्या. पदर सारखा करून हळूच म्हणाल्या, छातीत गाठ लागते. दुखत नाही. काही वाईट तर नाही ना?

पहिला पत्ता निघाला तो पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी. शेवंताबाईंनी चष्मा लावलेला नव्हता. मोहिनीने तो पत्ता गड्डीखाली सरकवला आणि दुसरा काढला. नदीकाठी गुडघा टेकून पाणी ओतणारी बाई, माथ्यावर तारे.

"शुभ आहे अक्का. पाणी वाहतंय. गाठ विरघळेल," ती म्हणाली.

'तरी एकदा दाखवून घ्या' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण अक्कांचा चेहरा इतका उजळला होता, आणि बाहेर तीन बायका खोळंबल्या होत्या. पुढे तिला वाटायचं, पत्ता खरा होता की खोटा याला काही अर्थच नाही. दाखवून घ्या, एवढं सांगायला पत्ते कशाला हवे होते?

ती छगनभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसली. गाव पंधरा मिनिटांवर होतं. घरात शिरताच अगरबत्तीचा वास आला, आणि त्याखालचा दुसराही आला. शेवंताबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या.

मोहिनीने ठरवलं होतं, खोटं बोलायचं नाही. ती खाली जमिनीवर बसली.

"अक्का, माझी चूक झाली. गाठीत काय आहे ते पत्त्यांना कळत नाही. त्या दिवशी पहिला पत्ता वाईट निघाला होता. मी तो तुमच्यापासून लपवला. तुम्ही दवाखान्यात चला."

शेवंताबाई हसल्या. "तुम्हले यासनी शिकाडी आणं," नवऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "तुमी घाबरी गयात ताई. पत्ता खोटं बोलस नही. मांडा. पत्ता सांगी ते मी करसु."

मोहिनीने छगनभाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

तिने पिशवीतून गड्डी काढली. पिसण्याचं नुसतं नाटक केलं आणि ओळखून रथाचा पत्ता वर काढला.

"प्रवास निघालाय. उद्याच निघायचं."

"धुळं?"

"धुळं."

"मंग बरं व्हई?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही असं तिने वाटेत स्वतःला बजावलं होतं. शेवंताबाई वाट बघत होत्या.

"होईल," मोहिनी म्हणाली.

शेवंताबाई भरती झाल्या. दर गुरुवारी मोहिनी दार बंद ठेवून एसटीने धुळ्याला जायची. तिसऱ्या गुरुवारी वॉर्डात पाऊल टाकलं तर सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. शेवंताबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या पिंपळनेरच्या भिकुबाईंनी हात पुढे केला.

"ताई, मनं बी दखा ना."

"पत्ते आणले नाहीत मावशी." गड्डी तिने खरंच घरी ठेवली होती.

"मंग हात दखा."

हात पुढेच राहिला. उशीखालून भिकुबाईंची फाईल डोकावत होती.

"ती फाईल द्या बरं."

तिने शेवटचं पान काढलं. "मंगळवारी तपासणी आहे. दुसऱ्या मजल्यावर. सकाळी काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही."

"मंगळवार. दुसरा मजला. उपाशी," भिकुबाईंनी पाठ केल्यासारखं म्हटलं. "कोनी इतलं बी सांगेल नव्हतं माले."

मग पलीकडची फाईल आली, मग तिच्या पलीकडची. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "अन् मनी?"

मोहिनीने फाईल उघडली. शेवटचं पान सकाळीच लिहिलेलं होतं. पुढच्या तारखेच्या जागी आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं, घरी नेण्यास हरकत नाही, वेदना झाल्यास गोळ्या द्याव्यात. तिने ते दोनदा वाचलं.

"तारीख लिहिलेली नाही, अक्का."

"इसरनात का?"

"नाही," मोहिनी म्हणाली. "विसरले नाहीत."

शेवंताबाई रागावल्या असत्या तर मोहिनीला सोपं गेलं असतं. पण त्यांनी फक्त फाईल तिच्या हातून घेतली, मिटली आणि मांडीवर ठेवली.

जिन्यात छगनभाऊंचा खोकला ऐकू आला. ते खालून औषधं घेऊन येत होते.

"यासले आते सांगू नका," शेवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सकायपाइन काहीच खायेल नही."

छगनभाऊ आत आले. शेवंताबाईंनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्यांच्यासाठी जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पयले भाकर खाई ल्या."