धक्कास्टार्ट

गल्ली त्यांना धक्काकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. त्यांची पहिली गाडी बाजारात सगळ्यात स्वस्त होती. आरसा एकच, रेडिओच्या जागी भोक, काच खाली करायचं हँडलही एकच. ज्याला वारा हवा त्याने ते मागून घ्यायचं. कुठे थांबली की बंद पडायची. मग काका उतरायचे, खांदा लावायचे आणि आत बसलेल्या काकूंवर ओरडायचे, "टाक गिअर!"

आता सुनेने घेतली तीही सगळ्यात स्वस्तच. पण थाट काय! काचा बटणावर, मागचं दाखवायला पडदा, आणि पट्टा लावला नाही की लगेच कटकट. स्वस्त गाडीने एवढं बोलू नये, असं काकांचं स्पष्ट मत होतं.

लायसनची मुदत कधीच उलटून गेली होती, म्हणून ह्याच गाडीवर आज त्यांना परीक्षा पुन्हा द्यायची होती. नापास झाले तर उरलेला जन्म मागच्या सीटवर, भाजीच्या पिशव्यांशेजारी.

शेजारी परीक्षक बसले. पिकलेल्या मिशा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. काकांनी वळण झकास घेतलं, रिव्हर्सही जमला. शेवटचा सिग्नल लाल होता. त्यांनी गाडी न्यूट्रलला घेतली, क्लच सोडला, आणि इंजिन गपकन बंद.

पेट्रोल वाचवायला ते आपोआप बंद होतं, क्लच दाबला की चालू होतं, हे सुनेने तीनदा सांगितलं होतं. पण ते आठवायच्या आत काका रस्त्यावर होते. सिग्नल हिरवा झाला. एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला. "टाक गिअर!"

गाडी भलतीच हलकी वाटली. चार पावलांनी काकांच्या लक्षात आलं, आत काकू नाही, परीक्षक आहेत. संपलं सगळं. मेल्याहून मेल्यासारखं होऊन त्यांनी आत डोकावलं, तर आत कोणीच नव्हतं.

पलीकडच्या दाराला खांदा लावून परीक्षक गाडी ढकलत होते.

दोघांनी टपावरून एकमेकांकडे पाहिलं. पट्टे सुटले म्हणून गाडी जिवाच्या आकांताने टुकटुकत होती.

"तुमचीही एका आरशाची?" काकांनी विचारलं.

"आमच्या गाडीला तोही नव्हता," परीक्षक धापा टाकत म्हणाले.

दोघे आत बसले. परीक्षकांनी कागदावर 'पास' लिहून सही ठोकली.

"ह्यातलं कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतोय," काकांनी गाडीच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "हिचं मात्र काही सांगता येत नाही."