मागच्या खोलीतला उजेड

दुपारी साडेतीनला बाबा मागच्या खोलीत खुर्चीला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. मुलीला हे संध्याकाळी कळलं, तेही बाबांकडूनच. ज्याच्याकडे ते राहतात त्या मुलाने फोन केला नव्हता.

त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती जिन्यात उघडते. पिवळा बल्ब दिवसभर चालू असतो, तरी पलंगाच्या पायथ्याशी काय ठेवलंय ते दिसत नाही. बाबांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याने अंधुक दिसतं. पुढची खोली मोठी, भरपूर उजेडाची. तिथे मुलगा शिकवण्या घेतो. घर मात्र बाबांच्या मेव्हण्याचं, म्हणजे मुलांच्या मामांचं. त्यामुळे कोण कुठे राहणार, हे मामाच ठरवणार.

"भाचा म्हणतो खोली झकास आहे, तू म्हणतेस काळोख," मामा फोनवर म्हणाले. "मी कुणाचं खरं मानू? जावईबापूंना फोटो काढायला सांग. त्यांचा धंदाच तो, आणि ते तुमच्या भांडणात नसतात."

जावई हॉटेलांच्या आणि विकाऊ घरांच्या खोल्यांचे फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि नेहमीसारखाच कामाला लागला. आधी शटर सावकाश ठेवून बल्बचा स्वतःचा उजेड आत घेतला. मग फ्लॅशवर नारिंगी कागद लावला, म्हणजे दोन्ही उजेडांचा रंग एक झाला. फ्लॅशचं तोंड छताकडे केलं, म्हणजे सावली पडली नाही. फ्लॅश मारलाय हे बघणाऱ्याला कळलं, तर तो स्वतःचं काम फसलं असं समजतो.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं, बाबा."

"कसा दिसतोय मी?"

"नवरदेव."

"मग बघायला तुमच्या सासूबाई हव्या होत्या."

फोटो त्याने तिथूनच मामांना पाठवला, बायकोला घरी येऊन दाखवला. चादरीचा पट्टा न् पट्टा दिसत होता. कोपरे उजळले होते. खिडकीपलीकडे जिना नसून अंगण असावं असं वाटत होतं.

"ही कुठली खोली?" बायकोने विचारलं.

"बाबांची."

"बाबांना दाखवा, त्यांनाही आवडेल. राहायला जातील."

"फ्लॅश नसता तर निम्मा फोटो काळा आला असता."

"तोच तर हवा होता मला!"

"असला फोटो मी कुणाला देत नाही."

"गिऱ्हाइकाला नका देऊ. हे माझे वडील आहेत."

तेवढ्यात मामांचा फोन आला. एवढ्या प्रसन्न खोलीत माणूस पडतोच कसा, असं ते म्हणाले.

पुढच्या सकाळी जावई पुन्हा गेला. बायकोच्या भावाने दार उघडलं. "या भाऊजी. आज काय, बल्ब काढून फोटो?"

या वेळी त्याने फ्लॅश लावला नाही. डोळ्यांना दिसते तशी खोली घेतली आणि पाठवली. मामांनी लगेच फोन केला. त्याने शटर, फ्लॅश, कागद, सगळं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पहिल्यात तुम्ही उजेड घातलात."

"हो."

"आणि दुसऱ्यात काढून घेतलात."

"नाही मामा, दुसऱ्यात काहीच केलं नाही."

"मग पहिला पाठवताना हे का नाही बोललात?"

जावयाने कॅमेरा पिशवीत ठेवला.

"जावईबापू, तुम्ही भांडणात नाही असं मी समजत होतो," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

भावाने पहिला फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे. दोघी आत्यांनी खोलीचं कौतुक कळवलं. बाबा अजून त्याच खोलीत आहेत आणि हल्ली पलंगावरून एकटे उतरत नाहीत. मामा स्वतः येऊन बघणार आहेत, असं भावाकडून कळलं. कधी, ते त्यांनी सांगितलेलं नाही. मुलीचा फोन ते उचलत नाहीत.