पातेल्यातलं नाणं

खडखड थांबल्यासारखी वाटली आणि मक्याच्या सालीवर पीठ फासणारा कांचनचा हात थबकला. थांबली नव्हती. तिनं पुढची साल उचलली.

शेगडीवर तमालेंचं मोठं पातेलं होतं. रचना मोदकपात्राचीच: तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर सालीत गुंडाळलेले तमाले. फक्त पाण्यात एक नाणं टाकलेलं. पाणी उकळतं तोवर ते खडखडतं. गप्प झालं की पाणी आटलं, वरून गरम पाणी ओतायचं. ओफेलिया हे नदीपलीकडच्या मेक्सिकोत, हुआरेझमध्ये आईकडून शिकली होती. एल पासोत तिच्या शेजारी राहायला आल्यापासून सोळा नाताळ कांचन या टेबलाशी बसत होती. मांस-मिरचीचे तमाले संपले की शेवटचे वीसेक कांचनचे, गोड्या मसाल्यातल्या मटकीचे. ओळखायला दोऱ्याच्या दोन गाठी. ओफेलियाची नातवंडं आधी तेच शोधत.

यंदा मात्र ओफेलियाला नाणं ऐकू येत नव्हतं. कांचन शाळांमधून मुलांचे कान तपासत असे. ऑक्टोबरात तिनं ओफेलियालाही हेडफोन लावून पाहिले होते. जाडे आवाज थोडेफार पोचत होते, बारीक आवाज गेले होते. ओफेलिया एवढंच म्हणाली होती, की लेकीला, लेतिसियाला, कळू द्यायचं नाही. पुढच्याच महिन्यात पातेलं करपलं, धुराचा अलार्म ओरडत राहिला आणि शेजाऱ्यांनी बंब बोलावला. तेव्हापासून लेतिसिया आईला आपल्याकडे सान अँटोनियोला न्यायचं म्हणत होती. तिथून हुआरेझला जाणारा नदीवरचा पूल आठ तासांवर. दर रविवारी पूल चालत ओलांडून बहिणीकडे जाणं संपलं असतं.

म्हणून दोघींनी खूण ठरवली होती. नाणं थांबलं की कांचननं बांगड्या वर सारायच्या. सकाळपासून दोनदा सारल्या होत्या, ओफेलिया दोन्ही वेळा सहज आठवल्यासारखी उठली होती. लेतिसिया दोरे कापत बघत होती.

तिसऱ्यांदा बांगड्या सारायची वेळ येण्याआधी लेतिसियानं कांचनला अंगणात बोलावलं. लिंबं काढायला, म्हणाली. लिंबाच्या झाडाकडे तिनं पाहिलंही नाही.

"तू पोरांचे कान तपासतेस. मग खरं सांग. मम्मीला ऐकू येतं का?"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. कांचन उत्तर जुळवत होती, तेवढ्यात खडखड थांबली.

तिचा हात आपोआप मनगटाकडे गेला आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. इथे त्या बघणारं कोणी नव्हतं. धावत आत जावं, तर तेच उत्तर ठरणार होतं. न जावं, तर तळ कोरडा पडायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं.

आत ओफेलियानं कांचनच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. एप्रनला हात पुसले. मग पीठ घोटायचा लांब लाकडी डाव घेऊन तो पातेल्याच्या काठावर उभा टेकवला आणि दांड्याच्या टोकावर तीन बोटं ठेवली. नाडी बघावी तशी. दांड्यात थरथर नव्हती. मग तिनं किटली उचलली, झाकण सारलं, पाणी ओतलं.

"विचारलं मी काहीतरी," लेतिसिया म्हणाली.

"तिलाच विचार," कांचन म्हणाली. "पण समोर उभी राहून. मागून नको."

लेतिसियानं खिडकीतून आईकडे पाहिलं. मग आत गेली.

खिडकीतून कांचनला दिसलं, की लेतिसिया आईसमोर उभी आहे आणि तिचे ओठ सावकाश हलताहेत. ओफेलियानं लेकीचा हात धरला आणि तिची तीन बोटं दांड्यावर नेऊन ठेवली.

नाणं पुन्हा खडखडायला लागलं होतं. अंगणापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. लेतिसियानं तरी बोटं काढली नाहीत.